मैदान हाही सार्वजनिक पाणवठाच आहे!

वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे जी माणसे येतात, त्यांत जातीच्या दाखल्यासाठी, गायरानाच्या जमिनीसाठी किंवा अ‍ॅट्रॉसिटीच्या तक्रारीसाठी येणारी अधिक. गेल्या पावसाळ्यात मात्र एक बाई आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये त्या कामाला जातात. खुर्चीवर बसायला सांगितले तरी बसेनात. म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, लेकराला खेळातून काढलंय बघा. ह्याला काही कलम लागतं का?’

मुलगा शाळेच्या बेसबॉलच्या संघात निवडला गेला होता. सुगीत मामाच्या शेतात ज्वारीवरची पाखरे गोफणीने हाकलून त्याचा हात असा तयार झाला आहे की, मैदानाच्या टोकावरून फेकलेला चेंडू नेमका कॅचरच्या हातात पडतो. सरांनी तोंडभर कौतुक केले आणि सांगितले, ‘सोमवारपर्यंत ग्लोव्ह्ज आणि बूट घेऊन ये.’ सोमवार आला, ग्लोव्ह्ज आले नाहीत. त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला गेला. त्या मुलाकडे ग्लोव्ह्ज होते. आमच्या पोराला सांगितले, ‘तू येत जा रोज, लांब गेलेले चेंडू आणून देत जा.’

सरांनी जात विचारली नव्हती. शिवी दिली नव्हती. मैदानाच्या दारात कुणी काठी आडवी धरली नव्हती. त्यामुळे त्या माउलीने विचारलेले ‘कलम’ अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात सापडण्यासारखे नव्हते, हे आम्हाला तिला सांगावे लागले. पण तिचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. कुणीही अडवले नाही आणि तरीही पोरगे मैदानाबाहेर राहिले, हे घडते कसे?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कबड्डीला चुन्याची रेघ पुरते. फुटबॉलला बावीस पोरांत एक चेंडू पुरतो. गल्लीतल्या क्रिकेटला एक फळी आणि एक चेंडू पुरतो, क्षेत्ररक्षण उघड्या हाताने होते. बेसबॉलचे तसे नाही. मैदानात बचावाला उभ्या असलेल्या नऊही खेळाडूंना प्रत्येकी एक ग्लोव्ह्ज लागतो. कॅचरला वेगळा ग्लोव्ह्ज, तोंडावर जाळी, छातीला पॅड लागते. बॅट करणाऱ्याला हेल्मेट लागते. कडक चेंडू उघड्या हाताने झेलायला गेले तर बोटे मोडतील. म्हणजे या खेळात साहित्य ही चैन नाही, ती खेळात उतरण्याची पहिली अट आहे. एका चांगल्या ग्लोव्ह्जची किंमत डाळ मिलमध्ये कामाला जाणाऱ्या बाईच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीएवढी होते. ही अट शाळेने पूर्ण करायची की आईने, एवढाच खरा प्रश्न आहे. ‘घरून आणा’ असे शाळा म्हणते, त्या क्षणी निवड चाचणी हाताची राहत नाही, खिशाची होते. आणि आमच्या मराठवाड्यात कुणाचा खिसा पिढ्यान्‌पिढ्या रिकामा ठेवला गेला, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. चेंडू कातड्याचा, ग्लोव्ह्जही कातड्याचा. या देशात कातडे कमावण्याचे आणि शिवण्याचे काम कुणाच्या माथी मारले गेले? मेरठला क्रिकेटचे चेंडू शिवणारे कारागीर बहुतांश जाटव समाजाचे आहेत. मेलेले ढोर ओढायला लावले, त्याचे कातडे कमवायला लावले, त्याचा चेंडू शिवायला लावला. तो चेंडू फेकायची वेळ आली तेव्हा मात्र आमच्या पोराला सांगितले, तू फक्त आणून दे!

हे आजचे नाही. पळवणकर बाळू हे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा माणूस. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर क्रिकेट शिकला. पूना जिमखान्यावर महिना चार रुपये पगारावर जाळी लावायची, खेळपट्टी झाडायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. बॅट ही साहेबाने धरायची वस्तू! पुढे पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवण्यासाठी बाळूची गरज पडली. तेव्हा त्याने टाकलेल्या चेंडूचा विटाळ कुणाला झाला नाही. चहाच्या वेळी मात्र त्याला मातीच्या भांड्यात, बाहेर, वेगळा चहा. जेवणाचे पान वेगळे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा याच बाळूने दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. ते मिळाले १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला, तेही मोठा वाद झाल्यानंतर.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात मुंबईत उभे केले आणि बाबासाहेब निवडून आले, हा इतिहास आम्ही विसरलेलो नाही. राजकारणात त्यांची वाट वेगळी झाली. पण मैदानावर त्यांनी जे सोसले ते आपलेच सोसणे होते. ज्याच्या कौशल्याशिवाय संघ जिंकत नाही, त्यालाच संघाच्या पंगतीबाहेर बसवायचे, ही या समाजव्यवस्थेची रीत त्यात उघडी पडते.

बेसबॉल ज्या देशातून आला त्या अमेरिकेत याहून वेगळे नव्हते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्या देशाच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियमांच्या पुस्तकात तशी बंदी लिहिलेली नव्हती. मालकांनी आपापसात ठरवून पाळलेली ती बंदी होती. १९२० साली कृष्णवर्णीयांनी स्वतःची निग्रो नॅशनल लीग उभी केली. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मोठ्या लीगच्या मैदानात उतरला तो थेट १५ एप्रिल १९४७ रोजी.

पण आमच्या विषयाशी अधिक जवळची गोष्ट आहे ती १९५५ ची. दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीए या संस्थेने कृष्णवर्णीय मुलांचा संघ तयार केला. अकरा-बारा वर्षांची लेकरे. राज्य स्पर्धेसाठी त्यांचे नाव गेले, तेव्हा राज्यातल्या सगळ्या गोऱ्या संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. समोर खेळायला कुणी उरले नाही, म्हणून ही मुले राज्याची विजेती ठरली. मग वरच्या अधिकाऱ्यांनी नियम काढला की, जो संघ मैदानात खेळून जिंकला नाही त्याला पुढे जाता येणार नाही! अंतिम स्पर्धा पाहायला त्यांना पाहुणे म्हणून विल्यम्सपोर्टला नेले आणि प्रेक्षकांत बसवले. तिथे लोकांतून ‘त्यांना खेळू द्या’ अशी आरोळी उठली, असे ती मुले म्हातारपणापर्यंत सांगत राहिली. २००२ साली त्याच लिटल लीग संघटनेने त्यांना पुन्हा बोलावून १९५५ च्या विजेतेपदाचा मान दिला. तोवर ती मुले साठीला टेकली होती. खेळायचे वय काही परत करता आले नाही.

पुढची गोष्ट तर आपण अधिक लक्षपूर्वक ऐकावी. कायद्याने आणि संघर्षाने रंगाची भिंत पडली. १९८१ च्या सुमारास त्या मोठ्या लीगमध्ये अमेरिकन कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रमाण अठरा टक्क्यांच्या वर गेले होते. २०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा ते सहा टक्क्यांवर आले होते. कुणी नवी बंदी घातली होती का? नाही. मुलांचे बेसबॉल हळूहळू खासगी प्रशिक्षण, महागडी शिबिरे आणि गावोगावी फिरणारे खर्चिक संघ यांच्या हाती गेले, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. ज्याच्या बापाकडे पैसा, त्याचे पोर खेळणार. शहरांतल्या गरीब वस्त्यांत खेळ परत नेण्यासाठी १९८९ साली लॉस एंजलिसमध्ये वेगळा कार्यक्रम सुरू करावा लागला आणि तो आजही चालवावा लागतो. यातून शिकायचे ते हे की, जातीची किंवा रंगाची भिंत पाडली आणि पैशाची भिंत तशीच ठेवली, तर जुनीच माणसे पुन्हा बाहेर राहतात.

आता कायद्याकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. कागदावर! म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला सरकारी निधीतून चालणारी सार्वजनिक वावराची ठिकाणे आली. शासनाच्या पैशातून उभे राहिलेले तालुका क्रीडा संकुल किंवा जिल्हा परिषद शाळेचे मैदान यात बसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून आम्ही म्हणतो की मैदान हाही सार्वजनिक पाणवठाच आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘पण वकीलसाहेब, अनुच्छेद १५(२) धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून होणारा भेद रोखतो. गरिबीचा त्यात उल्लेख नाही.’ बरोबर आहे. तळे खुले आहे, पण घागर आपली आणा, असा हा युक्तिवाद आहे. त्याचे उत्तर शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये आहे आणि ते फार थोड्या पालकांना माहीत आहे. या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असलेच पाहिजे असे म्हटले आहे. प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य पुरवले पाहिजे असेही त्यात आहे. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमला पाहिजे, असेही त्यातच आहे. म्हणजे साहित्य देणे हे सरांचे औदार्य नाही, ते शाळेचे कर्तव्य आहे. समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजार, उच्च प्राथमिकला दहा हजार आणि माध्यमिकला पंचवीस हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. हे पैसे आपल्या शाळेला आले का? आले तर त्याचे काय घेतले? घेतलेले साहित्य मुलांच्या हातात आहे की मुख्याध्यापकांच्या कपाटात? माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली एक साधा अर्ज टाकला तरी हे बाहेर येते.

याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आपल्या किती भगिनी या समितीवर आहेत आणि त्यांतल्या कितीजणींना फक्त सहीपुरते बोलावले जाते? त्या आराखड्यात ‘बेसबॉलचे नऊ ग्लोव्ह्ज, शाळेच्या मालकीचे’ ही एक ओळ त्यांनी लिहून घेतली असती, तर आमच्याकडे आलेल्या त्या माउलीला कोर्टाची पायरी शोधावी लागली नसती.

साहित्य मिळाले तरी प्रश्न संपत नाही. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक पाहा. तालुका आणि जिल्हा पातळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात, विभाग आणि राज्य पातळी दिवाळीच्या मागेपुढे. नेमक्या याच वेळी उदगीर, जळकोट, मुखेड, कंधार भागातली माणसे मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. सोबत लेकरे जातात. तालुक्यात जिंकलेल्या संघातले पोरगे जिल्ह्याच्या सामन्याला फडात उसाची मोळी बांधत असते. हंगामी वसतिगृहे नीट चालली तर ते गावात राहू शकते आणि खेळू शकते. मुलींचे तर आणखी अवघड. शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास आहे, पण सराव संपेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असते. संकुलात कपडे बदलायला धड खोली नसेल तर कोणती आई मुलीला थांबू देईल?

काही लोक विचारतात, ‘आपल्या पोरांना हे विदेशी खेळ कशाला? कुस्ती आहे, कबड्डी आहे.’ कुस्ती-कबड्डी आमचीच आहे. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारून शेतकऱ्याच्या पोराला राजाश्रय दिला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण ‘तुम्हाला कशाला’ हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. इंग्रजी तुम्हाला कशाला, संस्कृत तुम्हाला कशाला, असे विचारणाऱ्यांचीच ती भाषा आहे. कोणता खेळ खेळायचा ते पोराने ठरवावे. शिवाय यात व्यवहारही आहे. क्रिकेटच्या गर्दीत खेड्यातल्या पोराचा नंबर लागणे कठीण. बेसबॉल-सॉफ्टबॉलसारख्या खेळात संघ कमी असतात, म्हणून जिल्हा, विभाग, राज्य ही पायरी मेहनती मुलाला लवकर गाठता येते. त्या पायरीवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आहेत, आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉल परत येत आहेत. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, ती का आली? कारण या कागदाची किंमत प्रस्थापितांना बरोबर कळते. जे खोटे प्रमाणपत्र विकत घेऊ शकतात ते घेतात आणि ज्याचा हात खरा आहे तो चेंडू आणून देतो!

आता थोडे आपल्याकडे पाहू. उदगीर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. २०२३-२४ मध्ये राज्याचे क्रीडा खातेच उदगीरच्या आमदारांकडे होते. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते येथील विश्वशांती बुद्ध विहाराचे लोकार्पण झाले. आपल्याला जागा नाही, आपले कुणी नाही, असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. मंत्री येतात, जातात. तालुक्याची व्यवस्था मागे राहिली पाहिजे, आणि ती मागून घेण्याचे काम आपले आहे. भीमजयंतीला मंडळे वर्गणी काढतात, डी.जे.च्या भिंती उभ्या राहतात. एका रात्रीच्या डी.जे.च्या भाड्यात एका वस्तीच्या संघाचे ग्लोव्ह्ज येतात, हा हिशेब आम्ही मंडळांच्या पोरांसमोर मांडला, तेव्हा काही जण नाराज झाले. होऊ देत. बाबासाहेबांच्या जयंतीचा आवाज कानात राहण्यापेक्षा पोराच्या हातात काही राहिले तर अधिक बरे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, स्पर्धेत उतरणाऱ्या कोणत्याही अनुदानित वा सरकारी शाळेने मुलांकडून साहित्य मागू नये, ते शाळेच्या नावे नोंदवहीत असावे. दोन, प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात साहित्य पेढी असावी. वाचनालयातून पुस्तक न्यावे तसे कोणत्याही शाळेने ग्लोव्ह्ज, हेल्मेट, बॅट न्यावी आणि परत आणावी. तीन, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळांत पूर्णवेळ क्रीडा शिक्षक द्यावा. तिथे मुले आहेत, संध्याकाळ आहे. चौदा वर्षांवरच्या मुलांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, त्यांच्या साहित्याचा आणि प्रवासाचा खर्च अनुसूचित जाती घटक योजनेतून व्हावा. चार, ऊसतोड भागातल्या स्पर्धा कारखान्यांच्या हंगामाआधी संपवाव्यात. या मागण्या फक्त बौद्ध पोरांसाठी नाहीत. मातंग वस्तीतले, बंजारा तांड्यावरचे, वडार-कैकाड्यांच्या पालावरचे, गरीब मुस्लिम मोहल्ल्यातले आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे पोरगे, सगळी त्यात आहेत.

त्या माउलीला आम्ही कलम सांगितले ते शिक्षण हक्काचे. शाळेला वकिलाची नोटीस पाठवली नाही, कारण पोराला त्याच शाळेत शिकायचे आहे. तिच्याकडून व्यवस्थापन समितीच्या नावे एक साधा अर्ज लिहून घेतला आणि पोहोच घ्यायला सांगितले. अर्जाखाली तिने वस्तीतल्या आणखी काही आयांच्या सह्या व अंगठे स्वतः फिरून घेतले. समितीपुढे अर्ज वाचला गेला. उत्तर अजून यायचे आहे. ‘बघू’ म्हणाले आहेत. नवा हंगाम सुरू व्हायच्या आत उत्तर आले नाही, तर कलम ३२ खाली तक्रार जिल्हा परिषदेकडे जाईल आणि तिच्यासोबत आम्ही जाऊ.

वाचकांनी आपापल्या गावी एवढेच करावे. उद्या शाळेत जावे, खेळाच्या साहित्याची नोंदवही मागावी आणि कपाट उघडायला लावावे. जय भीम!